मानस

अकरावीच्या फळ्यावर लिहिते: समाजरचना.
खाली रेघ.
"ती दिसत नाही, पण असते,"
दरवर्षी म्हणते तसं म्हणते,
आणि मुलं दरवर्षीसारखी उतरवून घेतात.

मागून रोहिता गावडे म्हणाली,
"बाई, ओहोटीला दिसते."

वर्ग हसला. थोडी मीही.
ज्योविटो परेरानं तर बाक वाजवला.

तिचा आजा पुतू खाजनाचा मानसकार.
पुस्तकातल्या मराठीत मानस म्हणजे मन.
आमच्या चोडणला मानस म्हणजे
बांधाच्या पोटात बसवलेलं लाकडी दार,
नदीचं खारं पाणी बाहेर आणि भात आत ठेवणारं.

शनिवारी गेले तिच्याबरोबर, चपला हातात घेऊन.
पाणी उतरलेलं. सगळं उघडं पडलेलं.
कुणाचा तुकडा मधोमध, गोड मातीचा;
कुणाचा पार टोकाला,
जिथं बांध फुटला की खारं आधी पोचतं.
पावणी घेतलेला जाळंवाला येतो ती वाट सिमेंटची.
रोहिताची आई डोकीवर चिखल वाहते
ती वाट म्हणजे
फक्त पावलं.

"हे दार लावतं कोण?"
पुतूनं माझ्याकडे पाहिलं,
शिकलेल्या माणसाकडे पाहतात तसं.
"कोण लावणार? भरती आली की पाणीच लावतं.
भायलं जितकं रेटतं, तितकं घट्ट."

मी वही काढली नाही.
काढायला हवी होती.

"आणि बांध किती जुना?"
"बांध? गेल्या वर्षाचा."
"लोक तर हजार वर्षांचा म्हणतात."
"जागा हजाराची असेल बाई. चिखल गेल्या वर्षाचा.
कुर्ल्या पोखरतात, आम्ही भरतो.
एक वर्ष नाही भरला
तर तुमच्या हजार वर्षांत कुर्ल्या राहतील."

घरी आले तर उपेंद्र झोण घेऊन आलेला.
माझा भाऊ, जहाजावर असतो, सुट्टीवर आलाय.
गावकऱ्याचा वर्षाचा वाटा: चौदा रुपये.
"पेट्रोल साठचं जाळलंस," मी म्हटलं.
"असू दे गो. पणज्याच्या नावाच्या रांगेत सही करायची असते."
नोट आणि नाणी देवापुढं ठेवली त्यानं,
आई हात जोडून उभी.

मुलीला झोण नसतो.
पुतूनं चाळीस पावसाळे बांध राखला, त्यालाही नाही;
त्याला मजुरी.
हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक आहे.
सोळा वर्षं हा विषय शिकवते,
फळ्यावर कधी आलं नाही.
फळ्यावर येतात परदेशातली गावं,
तिथली लग्नं, तिथल्या जमाती, तिथले निषिद्ध मासे.

सोमवारी रोहितानं नकाशा दिला.
ओहोटीचं खाजन, पेन्सिलीनं.
प्रत्येक तुकड्यावर नाव,
नावापुढं कोण कुठल्या वाटेनं येतो त्याचा बाण.
ज्योविटोचं भाट होतं, त्यातलं तिचं घर होतं,
घराच्या दारातला आंबा होता
आणि आंबे कुणाच्या टोपलीत जातात तेही.
बांधावर एक बाई काढली होती, चपला हातात.
तिला मात्र बाण नव्हता.

दहापैकी नऊ दिले.
"एक कुठे गेला, बाई?"
"शुद्धलेखन," मी म्हणाले.
तिनं खाली लिहिलं होतं:
भरती येता तेव्हा माणूस आपोआप बंद होतो.

लाल शाईनं गोल केला मी त्या शब्दाला.
बाजूला दुरुस्त करून लिहिलं: मानस.
घंटा झाली. कुणी न सांगता सगळे उभे राहिले.
फेरीचा भोंगा वाजेपर्यंत
मी त्या गोलाकडे बघत बसले,
शाई वाळली होती.